कोरडा बोअर सांगणारे आप्पा

"कोरडा गेला, सायेब. चला, सांगून येऊ."

बसलिंगप्पा बिराजदार माझ्याशी बोलले ते पहिलं धड वाक्य हे. त्याआधी सकाळपासून आम्ही एकाच जीपमधून आलो होतो, एकाच यंत्राजवळ उभे होतो, पण यंत्राच्या आवाजात बोलण्याची सोय नव्हती. आवाज थांबला आणि त्यांनी हे सांगितलं. ज्या सुरात "जेवण झालं, चला हात धुऊ" म्हणावं त्या सुरात.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं ऑफिस खताच्या दुकानावरच्या भाड्याच्या तीन खोल्यांत होतं. पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं घातलं होतं, पण उन्हात बघितलं की खालचं जुनं नावही दिसायचं. माणसं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. शिक्के आले होते, त्यांची शाई आली नव्हती. आणि दुष्काळ मात्र कुणाची वाट न बघता आमच्याआधी हजर झाला होता. गावोगावच्या विहिरींनी तळ दाखवला होता आणि पिण्याच्या पाण्याचे बोअर घ्यायचं काम आमच्या खात्याकडे होतं. मी मुदखेडचा, रेल्वेतल्या पॉइंट्समनचा मुलगा, भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन नवाच लागलेलो. बोअर कुठं घ्यायचा ती जागा दाखवणं हे माझं काम. जागेवर भोक पाडणं हे आप्पांचं. ते आमच्या रिगचे, म्हणजे बोअर पाडायच्या यंत्राचे, ड्रिलर होते.

त्या दिवशीचं गाव औशाच्या बाजूला होतं आणि जागा मी दाखवलेली पहिलीच होती. दोनशे फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला. पांढरा, राखी, मग काळपट. ओल म्हणून नाही. लिंबाखाली बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. बोअर झाला की लगेच पाणी शेंदता येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी हळूच म्हणालो, "आप्पा, सामान भरून निघू या. ऑफिसातून कळवू की."

"कोण कळवणार?"

"पत्र जाईल ना ग्रामपंचायतीला."

ते माझ्याकडे बघून हसले. तुच्छतेनं नाही, लहान पोरानं काही गमतीचं विचारल्यावर हसावं तसं. मग त्यांनी आपल्या कॅनमधलं तांब्याभर पाणी घेतलं, धुरळ्यानं पांढरंफटक झालेलं तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं, शर्टाच्या खिशातून विभूतीची पुडी काढून कपाळावर तीन बोटं ओढली. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी शर्टाच्या आत नीट सारली. आणि सरळ लिंबाखाली जाऊन बायकांसमोर मांडी घालून बसले. मी मागे उभा.

"अक्का, पाणी लागलं न्हाई," ते म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. एका म्हातारीनं तर आमच्या सात पिढ्या काढल्या. आप्पा ऐकत राहिले. मधे बोलले नाहीत, मान खाली घातली नाही, की "आमच्या हातात काय आहे" असंही म्हणाले नाहीत. म्हातारी दमल्यावर ते उठले आणि सगळ्यांना रिगजवळ घेऊन गेले. तिथं पोत्यावर दर दहा फुटांच्या भुग्याची एकेक ढिगोळी त्यांनी ओळीनं मांडून ठेवली होती. "ह्ये बगा, तुमच्या गावाच्या पोटात काय हाय. हितवर मुरूम. हितनं काळा पाषाण. हितं जरा तांबडा थर हाय, हितं पाणी असायला पायजे होतं, पर पाऊसच न्हाई तर थर तरी काय करंल?" बायका वाकून बघू लागल्या. म्हातारीनं चिमूटभर तांबडी माती उचलून बोटांत चोळली. "मंग आता?" ती म्हणाली.

"आता वढ्याच्या कडंला बघू. लागंल म्हणत न्हाई. बघू म्हणायलोय."

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर लगेच गेलो. थांबलो असतो तर वाढली असती." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आन् पळून गेलो असतो, तर वढ्याकडंला बोअर घ्यायला त्या गावात परत कोणत्या तोंडानं जायचं?"

आठवड्यानं आम्ही त्या गावात परत गेलो तेव्हा त्या म्हातारीनंच रिगला नारळ फोडला. ओढ्याकाठी पाणी लागलं. थोडंच, पण हातपंपापुरतं.

आप्पा उदगीरजवळच्या एका खेड्यातले. सीमेवरचं गाव, घरात कानडी, बाजारात मराठी आणि लहानपणी निजामाच्या शाळेत उर्दू. या तिन्ही भाषांची त्यांनी वाटणी केली होती. माणसांशी मराठी, साहेबांशी बोलताना मधे मधे "जी हुजूर" आणि यंत्राशी फक्त कानडी. रिगला ते 'तंगी' म्हणायचे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. "बा तंगी, निधान, निधान," असं तिला चुचकारत ते लिव्हर ओढायचे. बा म्हणजे ये, निधान म्हणजे सावकाश. एका गावातल्या सरपंचानं हे ऐकलं आणि घाबरून मला बाजूला घेतलं. "सायेब, आधीच पाण्याचे हाल हायेत, त्यात ह्ये तंगी तंगी काय करून राहिले? अपशकून हाय का काय?" आप्पांना हे सांगितलं तर ते दिवसभर हसत होते. पुढं त्या गावाचं नाव निघालं की, "तंगीला भ्यालेलं गाव," म्हणायचे.

अंगानं ते आडवे, बुटके, पोट किंचित सुटलेलं. चालणं इतकं संथ की रस्ता ओलांडताना ट्रकवाले कंटाळून थांबत. गावातलं पाणी कधी प्यायचे नाहीत. "जिथं पाणी शोधायला आलो तिथलंच पिऊन कमी करू का?" स्वतःची कॅन सोबत असायची. जेवण मात्र वेळेवर. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि कच्चा कांदा. बोअर कितीही रंगात आलेला असो, बाराच्या सुमाराला यंत्र बंद करून ते फडकं सोडायचे.

आमच्या ऑफिसात तेव्हा भीतीचे निरनिराळे नमुने होते असं आता वाटतं. मोठे साहेब म्हणजे आमचे उपअभियंता. निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांच्या पोटात जळजळायचं. खिशात आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी असायची आणि ती किती रिकामी झाली यावरून ऑफिसात काय चाललंय ते कळायचं. प्रत्येक कागदावर ते "चर्चा करावी" असा शेरा मारायचे. चर्चा कुणी कुणाशी करावी हे कधी लिहायचे नाहीत. मी दुसऱ्या टोकाचा. माझी भीती पुस्तकात जायची. अडचण आली की मी माहितीपुस्तिका उघडून बसायचो. आणि तिसरा हनमंत, आमचा हेल्पर. तिशीचा, झुपकेदार मिशांचा, दोन पोरांचा बाप. त्याला भीतीच वाटत नसे, असं तो म्हणायचा. चालू यंत्रावर चढून तो मास्टच्या, म्हणजे रिगच्या उभ्या खांबाच्या, टोकाला ग्रीस लावायचा. एकदा आप्पांनी त्याला खाली बोलावलं आणि सगळ्यांदेखत एक थोबाडीत ठेवून दिली. "तुझी बायको मला इचारायला यील. तिला काय सांगू? मिशा लई छान होत्या म्हणून सांगू?"

हनमंत दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी निलंग्याकडे रॉड अडकला.

हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. दीडशे फूट खोल गेलेले रॉड वरून एखादा दगड ढासळून आत पकडले जातात. मग ते फिरत नाहीत, की वर येत नाहीत. जोर लावून तुटले तर रॉड, खालचा खडक फोडणारा हॅमर, सगळं कायमचं जमिनीत. जिल्ह्यात आमच्याकडे चालती रिग ही एकच. ती बसली तर ऐन उन्हाळ्यात शंभर गावांनी कुणाकडे बघायचं?

हनमंत ओरडला, "आप्पा, पुरा जोर लावू! निघतंय बगा!" मी पुस्तिकेची पानं उलटत होतो. जीप पाठवून जवळच्या गावातून मोठ्या साहेबांना फोन लावला, तर त्यांनी निरोप दिला, "योग्य ती काळजी घेऊन योग्य तो निर्णय घ्यावा. मात्र मला विचारून घेतला असं लिहू नये."

आप्पांनी इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की दूरच्या टेकडीवरच्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या.

"जेवू या," ते म्हणाले.

"आप्पा, अकराच वाजलेत," मी म्हणालो.

"वाजू द्या की. आत्ता आपले तिघांचे बी हात कापायलेत. ह्या हातानं लिव्हर धरायचा न्हाई."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. खरंच कापत होते. मला ते दिसलंच नव्हतं. त्यांनी भाकरी मोडली, आम्हाला वाटून दिली, चटणीत तेल कमी पडलंय अशी तक्रार केली, बायकोला त्याबद्दल काय सांगणार ते सविस्तर सांगितलं. हनमंताला हसू आलं. जेवण झाल्यावर ते बोअरजवळ पालथे झोपून तोंडाशी बसवलेल्या केसिंगच्या पाइपाला कान लावून बराच वेळ पडून राहिले. मग उठले, इंजिन चालू केलं आणि हवा सोडत, बोटभर खाली, बोटभर वर, पुन्हा बोटभर खाली, असं सुरू केलं. "निधान, तंगी, निधान." दुपारभर तेच. हनमंत मधे मधे चुळबुळायचा, ते नुसतं हात वर करायचे. उन्हं कलली तेव्हा खालून खरखर आवाज आला, रॉड एकदा फिरला, अडला आणि सुटला. हनमंतानं आनंदानं बोंब ठोकली. आप्पा मटकन खाली बसले आणि कॅन तोंडाला लावून अर्धी रिकामी केली.

"हनमंता," ते म्हणाले, "धाडस तुझ्यात हाय, पर त्येच्या जोडीला घाई हाय. लांबून बघणाराला दोन्ही सारखीच दिसत्यात. यंत्राला बरूबर कळतंय."

मोठ्या साहेबांचीही एकदा परीक्षा झाली. नव्या जिल्ह्यात मुंबईहून एक मोठे पाहुणे टंचाईची पाहणी करायला येणार होते. त्यांच्यासमोर बोअरला पाणी लागलेलं दाखवायचं असं वरून आलं. साहेबांनी आप्पांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. मी आत होतो.

"बिराजदार, बोअर आदल्या दिवशी करून ठेवायचा. पाणी लागलं तर उत्तम. नाही लागलं तर टँकर रिकामा करायचा त्यात. पंपाला चार दांडे मारेपर्यंत पुरलं म्हणजे झालं."

आप्पा म्हणाले, "हुजूर, गावातली माणसं घागर घिऊन हुबी राहत्यात. टँकरचं पाणी त्यांच्या घरला न्हेऊन वता, बोअरमधी कशाला?"

"आणि पाहुण्यांसमोर कोरडा गेला तर?"

"तर त्यांनी कोरडा बोअर बघितला असं हुईल. पाहणीच करायला यायलेत न्हवं का?"

साहेबांनी गोळी तोंडात टाकली. पण टँकरच्या कागदावर सही करायचं धैर्यही त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून ते आपोआपच प्रामाणिक राहिले. पाहुण्यांसमोरच बोअर सुरू झाला. मंडप, हार, लाउडस्पीकर. साठ फूट, शंभर, दीडशे. भाषणं संपली, पुन्हा सुरू झाली. साहेबांची पट्टी संपली. दोनशेला आप्पांनी यंत्र थांबवलं, तोंड धुतलं, विभूती लावली आणि मंडपात जाऊन हात जोडून म्हणाले, "कोरडा गेला जी." मला वाटलं, आता साहेबांना धरावं लागणार.

पाहुणे उठून आले. "असे किती जातात?" त्यांनी विचारलं. आप्पांनी त्यांना पोत्याजवळ नेलं. मुरूम, पाषाण, तांबडा थर. पाहुणे पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी उकिडवे बसले आणि अर्धा तास प्रश्न विचारत राहिले. जाताना म्हणाले, "हे कुणी मला असं दाखवलं नव्हतं." आणि गाड्या निघून गेल्या.

साहेब धुरळ्यात तसेच उभे. "बिराजदार, काहीच झालं नाही हो," ते म्हणाले. "काहीच नाही झालं!" त्या दिवशी त्यांनी गावातल्या पंगतीत आठ-दहा पुऱ्या आणि दोन वाट्या बासुंदी खाल्ली. पुढं कित्येक वर्षं ते हा प्रसंग सांगायचे, आणि त्यात टँकर नाकारणारे ते स्वतः असायचे. आप्पा समोर असले तर मान डोलवून साथ द्यायचे. "व्हय, हुजूर लई ठाम होते."

असा हा माणूस. त्यामुळे पर्यवेक्षकाची जागा निघाली तेव्हा अर्ज त्यांचाच जाणार हे मी धरून चाललो. त्यांनी तो भरला नाही. विचारलं की म्हणायचे, चष्मा घरी राहिला. मी एक दिवस फॉर्म जीपमध्येच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ धरला. चष्मा डोळ्यांवर होता.

"सायेब," शेवटी ते म्हणाले, "त्याला लेखी पेपर हाय. मराठीत."

"मग?"

"आमच्या शाळंत उर्दू होती. घरात कानडी. मराठी नुस्ती तोंडातली हाय. वाचताना अक्षर अक्षर जोडावं लागतंय. लिवायचं म्हणलं की अंगाला घाम सुटतो."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, रिगची नोंदवही दोन वर्षं हनमंत किंवा मी भरत होतो. मी म्हणालो, "आप्पा, अख्ख्या गावासमोर तुम्ही हार कबूल करता. पेपराचं काय घेऊन बसलात?"

"गावात हरला तर बोअर हरतोय, सायेब. कागदावर मी हरणार. त्ये निराळं हाय."

पुढच्या सीटवरचा हनमंत मागे वळला. "मी शिकवतो," तो म्हणाला. "सातवी पास हाय मी. अक्षर बी बरं हाय."

आणि त्यानं शिकवलं. दुपारच्या जेवणानंतर जीपच्या बॉनेटवर साचलेल्या दगडाच्या भुग्यात तो बोटानं अक्षरं काढायचा आणि आप्पा ती गिरवायचे. ज्ञ आणि क्ष यांच्यावर त्यांचा राग होता. "ह्येंनी काय गुन्हा केला म्हणून एवढे वाकडे?" ज्या हनमंताला रॉड सुटेपर्यंत दम निघत नव्हता, तो एकेका जोडाक्षरावर आठवडा घालवू लागला. आप्पा चुकले की हात वर करून म्हणायचा, "निधान, आप्पा, निधान." आप्पा शिव्या द्यायचे, पण कानडीत.

पहिल्या वर्षी ते औरंगाबादला जाऊन परीक्षा देऊन आले आणि नापास झाले. निकाल आला त्या दिवशी न सांगता रजेवर गेले. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मी आणि हनमंत काळजीत. तिसऱ्या दिवशी ऑफिस भरायच्या वेळेला जिन्यात ओळखीची संथ पावलं वाजली. तोंड धुतलेलं, विभूती ताजी. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना त्यांनी मधल्या खोलीत बोलावलं.

"आपला बोअर कोरडा गेला," ते म्हणाले. "दोन दिस घरात लपून बसलो. सांगायला यायला उशीर झाला, माफी असावी." आणि टेबलावर आपली उत्तरं आठवून लिहून आणलेला कागद पसरला. "हितवर बरूबर हाय. ह्या हितं फसलो. बगा जरा समदे." साहेब स्वतः चष्मा लावून वाकले. त्या दिवशी ऑफिसचं दुसरं काम झालंच नाही. आठ माणसं एका ड्रिलरच्या शुद्धलेखनावर वाद घालत होती.

दुसऱ्या वर्षी ते पास झाले. काठावर, पण पास. हनमंतानं पेढे वाटले, आणि वाटताना रडला. मिशांतून पाणी गळत होतं तरी म्हणत होता की धुरळा गेलाय डोळ्यात.

पुढं माझी बदली नांदेडला झाली, मग किनवटच्या जंगलातली गावं माझ्या वाट्याला आली. संसार सुरू झाला. आप्पा निवृत्त झाल्याचं कळलं, भेट मात्र राहिली. ती अचानक झाली, मुदखेडच्या प्लॅटफॉर्मवर. मी वडिलांना भेटून परत नांदेडला निघालो होतो. किनवटकडे जाणारी गाडी उभी होती आणि खिडकीत आप्पा! पांढरी टोपी, नवं धोतर. लेक किनवटच्या आश्रमशाळेत शिक्षिका झाली होती; नवरा-बायको तिच्याकडे निघाले होते.

"ह्या आमच्या गुरम्मा," त्यांनी पलीकडे हात केला आणि थांबले. जागा रिकामी होती. त्या पेरू घ्यायला खाली उतरल्या होत्या. गाडीनं शिट्टी दिली.

मी आप्पांना कधीच असं पाहिलं नव्हतं. ते उठले, धोतराचा काठ बाकाला अडकला, तो सोडवत दाराकडे धावले. "गुरम्मा! ए गुरम्मा! बा लगू!" लवकर ये म्हणून हाका मारताना टोपी खाली पडली. "सायेब, साखळी! साखळी कुठं असती हिची?" गाडी हलली. मी फलाटावरून धावू लागलो, आप्पा दारात अर्धे बाहेर लोंबकळत, डोळ्यांत पाणी. आणि मागच्या डब्याच्या दारात हिरव्या लुगड्यातल्या एक ठेंगण्या बाई ओच्यात पेरू घेऊन निवांत उभ्या होत्या. त्या पुढं वाकून कानडीत काहीतरी ओरडल्या. अर्थ मला कळला नाही, पण त्यांचा आविर्भाव बघूनच दोन्ही डब्यांतले लोक हसायला लागले.

आप्पांनी त्यांना पाहिलं. छातीवर हात ठेवला आणि दाराच्या दांडीला टेकून तेही हसू लागले. अंग गदगदा हलत होतं. दोघं आपापल्या दारांतून एकमेकांशी भांडत होते, हसत होते. मी धावायचा थांबलो आणि हात वर केला. आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. गाडी वळणाला लागेपर्यंत ते मागच्या डब्याकडेच बघत होते.